भाईंचा दिवा

माझ्या नवऱ्याने लावलेल्या शोधाचा पहिला फटका त्याच्या बापालाच बसावा, यात दोष कुणाचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं यंत्राचा, कधी वाटतं नवऱ्याचा, आणि बरेचदा वाटतं की माझाच. स्वभावाने मी फटकळ आहे. कुणाचंही भांडण असो, चटकन निकाल देऊन मोकळी होते. या एका बाबतीत मात्र माझी मती गुंग झाली आहे. तेव्हा घडलं तसं सांगते. निकाल तुम्ही लावा, लागला तर.

माझे सासरे सुहास खोबरेकर. अख्खं मालवण त्यांना भाई म्हणतं, म्हणून मीही भाईच म्हणते. पर्यटकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना समुद्राखाली फिरवून आणायचा धंदा आमच्याकडे सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या पोरांपैकी ते एक. आता साठी उलटली आहे. मी त्यांची सून, केतकी. माहेर देवगडचं. पोहायला मला माझ्या बापाने शिकवलं, पण पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं भाईंनी. सासऱ्याने सुनेला रबरी सूट घालून समुद्रात न्यायचं म्हटल्यावर गावात पुष्कळ गजाली झाल्या. भाई सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "चुलीकडे कोणय उभो रवात. पाण्यात माका जोडीदार व्हयो."

जोडीदार खरं म्हणजे मुलगा व्हायचा होता. माझ्या नवऱ्याने, नंदूने, लहानपणी एकदाच टाकी बांधून बुडी मारली, कान दुखले म्हणून रडत वर आला आणि पुन्हा कधी गेला नाही. पुढे तो शिकला, पुण्याला गेला, मेंदूच्या यंत्रांवर काम करू लागला. समुद्राशी त्याचा संबंध उरला तो जेवणाच्या ताटापुरता. तरी त्याचा सगळ्यात मोठा शोध समुद्रासाठीच निघाला. बापासाठी निघाला असं म्हटलं तरी चालेल.

समुद्रात खोल गेलं की नशा चढते. ही कविकल्पना नव्हे. आपण श्वासात जी हवा घेतो तिच्यात बहुतांश नायट्रोजन असतो. जमिनीवर तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण खाली पाण्याचा दाब वाढत जातो, तसा तो मेंदूच्या पेशींत मुरू लागतो आणि तिथला कारभार मंदावतो. दर दहा मीटरला उपाशीपोटी एक पेग, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. कुणाला हसू आवरत नाही, कुणाला उगाच भीती वाटते, कुणी आपल्या तोंडातली हवेची नळी काढून माशापुढे धरतो. आणि ज्याला चढली त्याला ती चढल्याचं कळत नाही, हीच त्यातली मेख. एक गोष्ट मात्र बरी. वर आलं की ही नशा दोन-चार मिनिटांत साफ उतरते, मागे डोकेदुखीसुद्धा ठेवत नाही.

नंदूने आणि त्याच्या सोबत्यांनी ही नशा मोजायचं यंत्र काढलं. मेंदूतली वीज मोजायची पद्धत जुनी होती, पण खाऱ्या पाण्यात ती वीज गळून जाते. यांनी वीज सोडली आणि प्रकाश धरला. मास्कची वरची कड कपाळावर टेकते ना, तिथून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश हाडापलीकडे सोडायचा, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून आत रक्त कसं खेळतंय ते ओळखायचं. भानावर असलेल्या मेंदूची चाल एक, बेभान मेंदूची दुसरी. ही चाल माणसागणिक वेगळी, म्हणून आधी एकदा प्रत्येकाला जमिनीवर शांत बसवून ती नोंदवून घ्यायची, आणि पुढे कायम तिच्याशी ताडून पाहायचं. जुळलं तर मास्कवर हिरवा दिवा, बिनसलं तर लाल. यंत्राचं नाव ठेवलं 'भान'.

दिवा मास्कच्या बाहेरच्या अंगाला बसवला होता. म्हणजे तो ज्याचा त्याला दिसत नाही, समोरच्याला दिसतो. मी नंदूला विचारलं होतं, असं का? तो म्हणाला, "प्यायलेल्याला तू प्यायलायस म्हणून सांगून कधी पटलंय? जोडीदाराला सांगायचं."

त्यावरून नियम झाला आणि पुढे सरकारनेही तो उचलला. ज्याचा दिवा लाल होईल त्याने हिरव्याचं ऐकायचं. मग तो वयाने, मानाने, अनुभवाने कितीही थोर असो. हिरव्याने आपल्या कपाळाला हात लावून दाखवायचा, की लाल झालेल्याने मुकाट त्याच्या मागून यायचं. मालवणातली ही खूण बघून पर्यटक हसायचे. थोड्याच वर्षांत यंत्र जमिनीवरही आलं. ट्रॉलर हाकणाऱ्या तांडेलांना लागलं, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना लागलं. बाजारात कुणी बांगडे फारच पाडून मागितले तर मासेवाल्या विचारू लागल्या, "मेल्या, दिवो लाल झालो काय तुझो?" आणि मी फोनवर चिडले की नंदू म्हणायचा, आधी मास्क लावून बघ. मी फोन आपटायचे.

भाईंना मात्र या यंत्राचा कोण अभिमान! त्यांची चाल नंदूने स्वतः नोंदवली होती, तीन वर्षांपूर्वी, आमच्या घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर बसवून. तेव्हापासून टाकी बांधायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मास्क दाखवून ते मुलाच्या कौतुकाने सांगायचे, "ह्यां माझ्या झिलान केलेलां."

*

गेल्या दोन वर्षांपासून भाई लवकर लाल होऊ लागले. आधी तीस मीटरला व्हायचे, मग पंचविसाला, आणि या फाल्गुनात तर विसालाच. त्यांच्या कामात काही फरक नव्हता. मी कपाळाला हात लावायची, ते मान हलवायचे आणि शहाण्या मुलासारखे माझ्या मागून यायचे. वर आल्यावर दिवा हिरवा. मी मनाशी म्हणे, वय झालं, चालायचंच.

पण दिव्याची नोंद आपोआप नंदूच्या कचेरीत जाते. आंग्रियाच्या खेपेआधी त्याचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"केतकी, या खेपेला दिवा वेडावाकडा झाला तर भाईंचा बुडी मारायचा परवाना काढून घेतील. मला काही करता येणार नाही."

"तूच केलंस ना यंत्र? मग?"

"म्हणूनच करता येणार नाही."

"भाईंना सांगितलंस?"

"तू सांग ना," तो म्हणाला. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण बापाशी बोलायची वेळ आली की बायकोला पुढे करतो. मी काही सांगितलं नाही. पाणी सुटलं तर हा माणूस जगेल कशावर, हा विचारच मला सोसवेना.

आंग्रिया म्हणजे किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्राच्या तळातून उठलेलं एक भलंमोठं पठार. बेट म्हणावं तर डोकं पाण्याबाहेर नाही. वरून नुसतं निळं पाणी दिसतं. खाली विसेक मीटरवर प्रवाळाचं रान आहे, आणि कडेला गेलात तर पठार तुटून काळोखात उतरतं. लागोपाठच्या तापलेल्या उन्हाळ्यांनी त्यातलं बरंचसं प्रवाळ पांढरं पडून मेलं. उरलेल्या जिवंत फांद्यांचे तुकडे लोखंडी चौकटींवर बांधून ते वाढवायचं काम भाई करत आले होते. मुलगी लहान होती म्हणून मी मधले दोन हंगाम तिकडे गेले नव्हते, दिवसात परत येता येईल एवढ्याच बुड्यांना जायचे.

सकाळी बोट जागेवर थांबली. बोटीचा तांडेल तातू तारी, भाईंचा जुना सोबती. त्याने नांगर टाकला, आम्ही टाक्या बांधल्या. जोडीमागे एक बीकन असतं, पाण्यावर आल्यावर आपण कुठे आहोत ते बोटीला कळवणारं. ते अंगावर बांधायचं काम भाईंचं. ते बांधलंय की नाही हे मी तपासलं नाही. भाईंचं काय तपासायचं?

आम्ही नांगराच्या दोरीने खाली उतरलो. तळाला पोचायच्या आतच भाईंचा दिवा लाल झाला. मी कपाळाला हात लावला, त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी जे काम केलं ते मी बघतच राहिले. करंगळीएवढी प्रवाळाची फांदी, ती चौकटीला अशी बांधायची की हलायला नको आणि कुस्करायलाही नको. त्यांची बोटं कुठे अडखळली नाहीत. मी हिरवी, आणि माझ्या हातून दोन फांद्या मोडल्या.

हवा अर्धी संपत आली तशी मी परतायची खूण केली. कडेवर पाणी गढूळ झालं होतं, दोरी दिसत नव्हती. एक मोठं पसरट प्रवाळ मी येताना लक्षात ठेवलं होतं. ते डाव्या हाताला दिसलं, म्हणून मी डावीकडे निघाले. भाईंनी माझा हात धरला. त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा उजवीकडे दाखवलं, या वेळी जरा जोरात.

मी त्यांच्या दिव्याकडे पाहिलं. लाल. मी हिरवी. मला खात्री होती, आणि त्या खात्रीवर यंत्राचा शिक्का होता. मी कपाळाला हात लावला.

भाई क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवीकडचा हात खाली घेतला आणि माझ्या मागून डावीकडे येऊ लागले.

ते प्रवाळ दुसरंच होतं. त्याच्यापुढे दोरी नव्हती, चौकटी नव्हत्या, काहीच नव्हतं, होता तो पाठीमागून लोटणारा प्रवाह. शुद्धीत असलेला माणूससुद्धा चुकतो, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली तोवर हवा संपत आली होती. आम्ही हळूहळू वर आलो.

*

वर ऊन होतं आणि लाटा होत्या. बोट दिसत होती, पण इतकी लांब की तिच्यावर माणसं आहेत की नाहीत ते कळेना. प्रवाह आम्हाला दक्षिणेकडे ओढत होता. मी नारिंगी फुगा फुगवून उभा धरला. तो लाटांत कधी दिसे, कधी दडे.

"भाई, बीकन?"

त्यांनी छाती चाचपली, मग कंबर. "बांधलंलंय मां मी?"

नव्हतं बांधलं. चाळीस वर्षांत जे घडलं नाही ते आज घडलं होतं. मला राग आला आणि लगेच लाज वाटली, कारण वाट चुकवली होती मी. सॉरी म्हणायला मी त्यांच्याजवळ सरकले आणि माझी नजर त्यांच्या मास्ककडे गेली.

दिवा लाल होता.

मला वाटलं, उतरेल. वर आल्यावर उतरतेच. मी लाटा मोजल्यासारखं करत थांबले. माझा श्वास शांत झाला, भाईंचा शांत झाला, दोघं जवळजवळ गप्पा मारायच्या बेताला आलो, तरी लाल. पाण्यावर नायट्रोजनची नशा नसते. मग हा दिवा कशाचा?

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. यंत्र नशा मोजत नव्हतंच. यंत्र भाईंना भाईंशीच ताडून बघत होतं, खळ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या तीन वर्षांपूर्वीच्या भाईंशी. ते भाई आणि हे भाई आता जुळत नव्हते. आतून काहीतरी झिजत चाललं होतं, आणि मी दोन वर्षं त्याला खोलीची नशा म्हणत आले होते.

पण मग खाली त्यांचंच बरोबर कसं निघालं? लाल दिव्याचा माणूस वाट ओळखतो आणि हिरव्या दिव्याची बाई घालवते. मला काही समजेना.

"बाय," भाईंनी विचारलं, "माझो दिवो हिरवो झालो मां?"

ते माझ्याकडे अगदी जवळून बघत होते. लाल म्हटलं असतं तर हा माणूस तिथेच खचला असता. पाण्याखाली तो खचलाच होता, त्या खाली घेतलेल्या हातात मी ते पाहिलं होतं. आणि आता भर समुद्रात मला कुणाच्या तरी डोक्याचा आधार हवा होता. माझ्यावरचा माझा विश्वास उडाला होता.

"झालो, भाई," मी म्हटलं. "हिरवो."

"मगे बरां," ते म्हणाले. त्यांनी मान वळवून सूर्य बघितला, लाटांकडे बघितलं. आवाज एकदम पहिल्यासारखा झाला. "बोटीकडे तोंड करून पेवाचा नाय. पाणी आंगार येता, दमान मरतलव. आडवां जावया. थंय पिवळो बोयो हा, हवामानवाल्यांचो. तेका धरून रव्हया. तातू पयलो थंयच बघूक येतलो."

त्यांनी बोट दाखवलं तिकडे मला फक्त पाणी दिसत होतं, साखळीने तळाला बांधलेला तरंगता बोया काही दिसेना. बोटीकडे पोहावं असं माझा जीव ओरडून सांगत होता. निदान बोट दिसत तरी होती! आडवं जाऊन बोया सापडला नाही, तर अंगातली ताकद गेलेली असणार आणि पुढे आफ्रिकेपर्यंत काही नाही. माझी मुलगी घरी होती. दिवा सांगत होता, या माणसाचं ऐकू नकोस. मघाशी याच दिव्याचं ऐकून आम्ही इथे आलो होतो.

"चला," मी म्हटलं.

आम्ही पाठीवर पडून पाय मारत निघालो. भाईंनी माझ्या जॅकेटचा पट्टा धरला होता, मी त्यांचा. बराच वेळ बोया काही येईना. ऊन डोळ्यांत जात होतं, पायात गोळे येत होते. मी भीतीने रडकुंडीला आले होते आणि ते त्यांना कळू नये म्हणून तोंड फिरवत होते. भाईंना ते कळलं असावं. त्यांनी एकाएकी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालतात, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा असतो. तिथे जमलेली मी एकटीच होते.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी दोन लेकरां तुझ्या दर्यात उघडी पडली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंची काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेंका... तेंका..."

मी होकाराला तोंड उघडून थांबले. भाईंचे पाय थांबले होते. ते आकाशाकडे बघत होते.

"बाय, आपण खंय चललव गो?"

"बोयाकडे," मी म्हटलं. "तुमीच सांगलास मां, भाई?"

"व्हय मां. चल, चल." आणि ते पुन्हा पाय मारू लागले. गाऱ्हाणं तिथेच राहिलं.

काही वेळाने पाणी ओढायचं थांबलं. खरंच थांबलं. पठाराच्या आडोशाला आलो होतो बहुतेक. बोया दिसत नव्हता, पण आम्ही जिथे होतो तिथेच राहत होतो. मी फुगा पुन्हा उभा केला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग इंजिनचा आवाज आला.

*

तातूने आम्हाला अक्षरशः मानगुटीला धरून वर ओढलं. तो घामाघूम झाला होता आणि शिव्या देत होता. "आवशीक खाव! मी थंय खाली सोधतंय, दक्षिणेक! परतान म्हटलंय, एकदा हंयसून जावन बघूया. तुमी हंय कशे इलास?"

"बोयाकडे येय होतव," मी म्हटलं.

"खयचो बोयो?"

"पिवळो. हवामानवाल्यांचो."

तातूने माझ्याकडे पाहिलं, मग भाईंकडे. त्याचा आवाज खाली आला. "तो खंय हा आता? तो काढलो मां गेल्या वर्साक? भाई, आपणच दोघा इललव काढूक. तुमीच साखळी तोडलास."

भाईंनी टॉवेल घेतला आणि बोटीच्या मागच्या फळीवर जाऊन बसले.

मी तिथेच उभी राहिले. बोया नव्हता. नसलेल्या बोयाकडे पोहत गेलो म्हणून आम्ही वाचलो. मग भाई बरोबर होते की चूक? आणि दिवा? दिवा शंभर टक्के बरोबर होता, आणि त्याचं ऐकून मी दोघांना मारायला निघाले होते. नंदूला फोन करून ओरडावं असं वाटलं, पण काय म्हणून ओरडायचं? तुझं यंत्र खोटं आहे म्हणून, की खरं आहे म्हणून?

मी चहा घेऊन भाईंजवळ जाऊन बसले. त्यांचा मास्क गळ्यातच लोंबत होता. त्यांनी दोन घोट घेतले.

"तू खोटां बोललंस," ते म्हणाले.

"कधी?"

"दिवो लाल होतो. तुझ्या मास्काच्या काचेत दिसता माका. तोंड जवळ आणलंस की दिसता." ते हसले. "आजचां नाय तां. दोन वर्सां बघतंय."

"मगे बोललास नाय कित्या?"

"काय बोलू? झिलान केलेलां यंत्र. तां लबाड हा म्हणू? आणि खरां हा म्हटलंय तर पाणी सुटात." त्यांनी कप खाली ठेवला. "खाली माका वाट म्हायत होती. पण काचेत लाल बघितलंय आणि वाटलां, माझांच चुकता आसात. म्हणान इलंय तुझ्या मागसून. वर तू हिरवो म्हटलंस. तेवा म्हटलंय, सून लाल बघताहा आणि तरी हिरवो सांगताहा. म्हणजे हिचो यंत्रापेक्षा माझ्यार इस्वास हा. आता माका चुकान चलाचा नाय."

मला रडू फुटलं. मी ते आवरलंही नाही. तातू तोंड फिरवून दोर गुंडाळू लागला.

"पण बोयो दिसत होतो गो माका," भाई म्हणाले. "पिवळो. तूं दिसतंस तसो. आता कोणाचां खरां मानूचां? माझां, तातूचां, काय दिव्याचां?"

"माका कळना नाय, भाई."

"माकाय नाय." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात गरम आणि जड होता. इतका भानावरचा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. त्या क्षणी मी ठरवून टाकलं की नंदूशी भांडायचं, कचेरीशी भांडायचं, नवी नोंद घ्यायला लावायची, आताच्या भाईंची, आणि परवाना जाऊ द्यायचा नाही.

तातूने इंजिन सुरू केलं. भाई दचकून उठले.

"अरे थांब, थांब! निघालस खंय?" ते कठड्याला धरून पाण्यात वाकून बघू लागले. "नंदू अजून वर येवक नाय."

तातूचा हात इंजिनवर तसाच राहिला. तो माझ्याकडे बघत होता. पुण्यात कचेरीत बसलेला, पाण्याला भिणारा माझा नवरा. त्याच्या बापाने पाण्याकडे बोट केलं आणि मला विचारलं, "कितकी हवा रवली आसतली गो तेच्या टाकयेत?"

मी उठून त्यांच्या शेजारी कठड्याशी उभी राहिले.

"भरपूर हा, भाई," मी म्हटलं. "येतलो तो."

"मगे बरां," ते म्हणाले, आणि पाण्यावर बुडबुडे दिसतात का ते निवांत बघत राहिले. मघाचं माझं खोटं त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं होतं. या वेळचं त्यांना कळलं नाही.